दप्तर तपासणं वेगळं, अंगझडती वेगळी

काही जण म्हणतात की अमेरिकेतल्या सरकारी शाळांत झडतीला वॉरंट लागत नाही, म्हणजे मुलांना खासगीपणाचा हक्क उरतच नाही. वॉरंट लागत नाही हे खरं. १९८५ च्या टी.एल.ओ. खटल्यात (न्यू जर्सी राज्य, १४ वर्षांची मुलगी, टी.एल.ओ. ही तिच्या नावाची आद्याक्षरं, पर्समध्ये सिगारेटी) सर्वोच्च न्यायालयाने वाजवी संशय पुरेसा मानला. पण त्याच निकालात अटही आहे: मुलाचं वय आणि गुन्ह्याचं स्वरूप बघता झडती अति होता कामा नये.

ॲरिझोना राज्यातल्या सॅफर्ड गावच्या शाळेचं प्रकरण बघा. २००३ साल, आठवीतली १३ वर्षांची मुलगी. संशय कशाचा, तर आयब्युप्रोफेनच्या गोळ्यांचा, अंग दुखलं की घेतात त्या! दप्तरात काही सापडलं नाही. तरी तिला नर्सच्या खोलीत नेऊन कपडे उतरवायला लावले, आतल्या कपड्यांचं इलॅस्टिक ओढून दाखवायला लावलं. तिथेही काही नाही. त्या पोरीचं काय झालं असेल, वाचताना पोटात तुटतं.

२००९ मध्ये न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ही झडती घटनाबाह्य ठरवली. मात्र कायदा तोवर पुरेसा स्पष्ट नव्हता म्हणून शाळेचे कर्मचारी वैयक्तिक जबाबदारीतून सुटले. हे मला अजिबात पटलेलं नाही.