शेजारच्या कॅथलिक मावशींना साक्ष द्यायला जायचं का?

वडगावशेरी_लेक:

जय ख्रिस्त. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, जुन्या मराठी मिशनच्या मंडळीतलं. लग्नानंतर वडगाव शेरीत आले. गेली सहा वर्षं आम्ही एका इव्हँजेलिकल फेलोशिपला जातो, म्हणजे वैयक्तिक विश्वासावर आणि सुवार्ता सांगण्यावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळीला. बायबल मी नीट वाचायला लागले ते तिथंच. त्या लोकांचं माझ्यावर ऋण आहे, हे आधी सांगते.

गेल्या रविवारी उपासनेनंतर याद्या वाटल्या. आपल्या सोसायटीतली तारण न झालेली, म्हणजे ख्रिस्तावर खरा विश्वास नसलेली, घरं लिहायची आणि ईस्टरआधी तिथं जाऊन साक्ष द्यायची, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगायचं. शेजारच्या मावशींचं नाव मी लिहिलं नव्हतं. प्रार्थनागटाच्या ताईंनी ते स्वतःच्या हातानं लिहिलं. "कॅथलिक आहेत ना, मग त्यांनाही सुवार्ता हवी."

माझ्या आईला पक्षाघात झाला तेव्हा मावशी अकरा आठवडे रोज दुपारी येऊन बसायच्या, म्हणून मला दोन तास झोप मिळायची. दरवर्षी सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (येशूची आई मरिया) यात्रेला जातात, तिथूनही आईसाठी तेल घेऊन आल्या होत्या. आई गेली त्या पहाटे आम्ही दोघींनी प्रभूची प्रार्थना म्हटली. 'वाइटापासून सोडव' म्हणून मावशी थांबल्या, कॅथलिकांची प्रार्थना तिथंच संपते. 'कारण राज्य, सामर्थ्य' हे मी पुढं एकटीच म्हटलं.

अशा बाईला 'तारण न झालेली' मी कुठल्या तोंडानं लिहू? सगळे इव्हँजेलिकल असंच मानतात का? जाणत्यांनी कृपया सांगावं.

बिबवेवाडीचा_पाळक:

ताई, मी इव्हँजेलिकल आहे आणि कॅथलिकांना सुवार्ता सांगावी असंच मानतो. यात द्वेष नाही. माणूस देवापुढं नीतिमान कसा ठरतो, हा मूळ प्रश्न आहे. १५४७ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं 'केवळ विश्वासाने', म्हणजे कर्मांची भर न घालता, असं शिकवणाऱ्याला शापित ठरवलं, आणि तो निर्णय मागे घेतलेला नाही.

आमच्यातही एकमत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत इव्हँजेलिकल नेते चार्ल्स कोल्सन आणि कॅथलिक फादर रिचर्ड जॉन न्यूहाउस यांच्या पुढाकारानं 'इव्हँजेलिकल आणि कॅथलिक एकत्र' असं निवेदन निघालं. एकमेकांच्या मंडळीतली माणसं ओढून नेण्याला त्यात विरोध होता. आमच्या धर्मपंडितांपैकी जे. आय. पॅकर यांनी सही केली, आर. सी. स्प्राउल यांनी कडाडून विरोध केला. निवेदनात 'विश्वासाने' होतं, 'केवळ' नव्हतं. मी स्प्राउल यांच्या बाजूचा. त्या एका शब्दावर माझं तारण उभं आहे.

पण जन्मानं ख्रिस्ती असणं पुरत नाही, हे मी माझ्या बाकांवर बसलेल्यांनाही सांगतो. यादी करायची तर आधी आपल्याच मंडळीची करावी.

नानापेठ_जुना:

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. १९१० च्या एडिंबरो मिशनरी परिषदेत लॅटिन अमेरिकेतल्या कॅथलिकांमधलं प्रॉटेस्टंट काम मिशनकार्यात धरायचं नाही असं ठरलं. अँग्लिकनांनी तो आग्रह धरला होता. अमेरिकन मिशनांना ते पटलं नाही, आणि १९१६ मध्ये त्यांनी पनामाला वेगळी परिषद भरवली. लॅटिन अमेरिकेत नावापुरते ख्रिस्ती फार आहेत, बायबल लोकांच्या हातात नाही, असं त्यांचं म्हणणं.

पण तुमच्या मावशींच्या हातात बायबल आहे. मी प्रेषित पौलाचं ऐकतो. रोमकरांस पत्राच्या १५ व्या अध्यायात तो म्हणतो, दुसऱ्यानं घातलेल्या पायावर मी बांधत नाही, म्हणजे ख्रिस्ताचं नाव जिथं आधीच पोचलंय तिथं जात नाही.

वसईकर_पुण्यात:

मी कॅथलिक. घराची बेल वाजते आणि समोरचा विचारतो, "येशू माहीत आहे का?" त्या क्षणी पोटात काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही. माझा मामा अशाच एका गटात गेला. आजीच्या अंत्यविधीच्या मिस्साला (कॅथलिक उपासनेला) तो चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहिला, आत आला नाही. आई अजून त्या पायऱ्यांबद्दल बोलते.

पाळकसाहेब, १९९९ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला लूथरन (प्रॉटेस्टंट) मंडळ्यांचा जागतिक महासंघ आणि आमच्या चर्चनं नीतिमान ठरण्याविषयी संयुक्त घोषणा केली, आणि त्यात मांडलेल्या शिकवणीला ट्रेंटचे शाप लागू होत नाहीत असं म्हटलं. तुमचे लोक त्यात नव्हते, मान्य. पण तेवढं तरी वाचा.

बिबवेवाडीचा_पाळक:

वाचलं आहे, माझं समाधान झालेलं नाही. पण तुमच्या मामांनी आत जायला हवं होतं. आईच्या अंत्यविधीला बाहेर उभं राहा असं मी कुणालाही शिकवणार नाही.

वडगावशेरी_लेक:

काल मावशींकडं गेले. पत्रक नेलं नाही. फेलोशिपमध्ये शिकवलेला प्रश्न तेवढा विचारला: देवानं तुम्हाला स्वर्गात का घ्यावं? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तो माझ्यासाठी मेला, एवढंच सांगेन. माझ्याजवळ दुसरं काय आहे? आणि मतमाउली माझ्यासाठी दोन शब्द टाकेलच."

पहिलं ऐकून मला रडू आलं. दुसरं मला पटत नाही, आणि मी तसं त्यांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मग तुझं काय ते दाखव मला," म्हणाल्या.

यादीतलं नाव मी खोडलं आणि ताईंना तसं कळवलं. त्या नाराज आहेत. बुधवारी दुपारी मावशींबरोबर इफिसकरांस पत्र वाचायला बसणार आहे. बायबल त्यांचंच घेऊ, त्याची अक्षरं मोठी आहेत.