सात अधिक पाच, पण मोजणी दरवेळी एकपासून

प्रश्न:
मुलगी पहिलीत आहे. शंभरपर्यंत अंक धडाधड म्हणते. पण ७ + ५ विचारलं की सात बोटं उघडून एकपासून मोजते, मग पाचासाठी बोटं पुरत नाहीत म्हणून रडकुंडीला येते. बोटं बंद करू का?

उत्तर (पहिली-दुसरीची शिक्षिका):
अजिबात नको! अंक म्हणता येणं वेगळं, संख्या कळणं वेगळं. आधी तिला सात मणी मोजू द्या. मग ते पसरून विचारा, "आता किती?" पुन्हा मोजायला लागली, तर बेरजेची घाई करू नका. लगेच "सात" म्हणाली, तर सातही मणी डबीत टाकून झाकण लावा आणि पाच बाहेर ठेवा. आतले दिसत नाहीत, त्यामुळे "सात... आठ, नऊ" असं पुढे मोजावंसं वाटतं. काही मुलं तरीही एकपासून मोजत झाकणावर सातदा टकटक करतात. करू द्या, आपोआप सुटतं. दहाच्या जोड्या (७ आणि ३, ६ आणि ४) त्यानंतर.

उत्तर:
पट्टीवरचे खेळही खेळा. सीगलर आणि रमाणी या संशोधकांच्या २००८च्या अभ्यासात १ ते १० आकड्यांच्या सरळ पट्टीवर खेळलेल्या मुलांची संख्यांची समज सुधारली, नुसत्या रंगांच्या पट्टीवर खेळलेल्यांची नाही. सोंगटी ५ वर असेल आणि दोन घरं पुढे न्यायची असतील, तर "एक, दोन" नव्हे, "सहा, सात" म्हणायला लावा.

प्रश्नकर्ती:
डबी करून पाहिली. टकटकच चालू आहे :) पाढे इतक्यात घ्यावेत का?

शिक्षिका:
नको हो, थांबा जरा.