‘आवश्यकता’, ‘नाइलाज’ की ‘आपद्धर्म’?

सातारा: भीषण संकट टाळण्यासाठी करार मोडावा लागला, असा जो बचाव राष्ट्रे आंतरराष्ट्रीय कायद्यात मांडतात, त्याला मी वर्गात ‘आवश्यकतेचा बचाव’ म्हणतो. विद्यार्थ्यांना तो शब्द फिका वाटतो. ‘आपद्धर्म’ चालेल का?

सांगली: सर, विद्यार्थ्यांचे बरोबर आहे. ‘आवश्यक कागदपत्रे जोडावीत’ हे रोज वाचून त्या शब्दाची धार गेली आहे. ‘आपद्धर्म’ मात्र मला पटत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे उपपर्वच आहे आणि त्या परंपरेत संकटात नियम सोडून केलेले कृत्यही धर्मच ठरते. कायदा इतकी मोकळीक देत नाही. डॅन्यूबवरील धरणांचा १९७७ चा करार हंगेरीने पर्यावरणाच्या कारणाने आधी थांबवला आणि पुढे रद्द केला, तेव्हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९७ मध्ये हा बचाव तत्त्वतः मान्य केला, पण धोका पुरेसा निश्चित आणि निकट नव्हता, आणि तो तसा असता तरी करार संपला नसता, असे सांगितले. संकट सरले की बंधन पुन्हा लागू होते, आणि नुकसानभरपाईचा प्रश्नही उरतो.

२०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी चढू लागले तेव्हा वडिलांनी शेजारच्या बंद घराच्या जिन्याचे कुलूप पहारीने तोडून म्हाताऱ्या माणसांना गच्चीवर नेले. पूर ओसरल्यावर घरमालक आले, तेव्हा वडिलांनी आधी नवा कडीकोयंडा बसवून दिला आणि मग ‘नाइलाज झाला’ एवढेच म्हणाले. मला तोच शब्द योग्य वाटतो, कारण राष्ट्रांच्या जबाबदारीविषयी संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने केलेल्या २००१ च्या मसुद्याच्या २५ व्या कलमात ‘दुसरा मार्गच नव्हता’ ही अट आहे, आणि ‘इलाज नाही’ म्हणजे तेच.

सातारा: पण वादळाने जहाज परक्या हद्दीत ढकलले, तर तोही नाइलाजच ना? कायद्यात तो प्रकार वेगळा आहे.

सांगली: ‘जहाज नाइलाजाने भरकटले’ असे आपण म्हणत नाही, सर, ‘नाइलाजाने सही केली’ असे म्हणतो. नाइलाजात करणारा असतो आणि तो जाणूनबुजून करतो. शिवाय ओढवून घेतलेल्या संकटाला आपल्याकडे कुणी नाइलाज म्हणत नाही. अर्जेंटिनाच्या २००१ च्या आर्थिक कोसळणीनंतर अमेरिकन गॅस कंपन्यांनी आणलेल्या दाव्यांपैकी एकात, २००५ मध्ये, लवादाने हा बचाव फेटाळला. संकटाला सरकारच्या धोरणांचाही मोठा हातभार होता, हे त्याचे एक कारण होते. २००६ मध्ये दुसऱ्या लवादाने त्याच संकटातला तोच बचाव ठरावीक मुदतीपुरता मान्य केला. दोन्ही लवाद अर्जेंटिनाचा नाइलाज खरा होता का, हेच तपासत होते.