चिठ्ठीशिवाय ट्यूब नको म्हणता, मग गाईच्या सुजलेल्या सडाचं करायचं काय?

गोठा_सिन्नर
काल इथे कुणीतरी लिहून गेलं: ‘गुरांची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि युरिया माती परीक्षणाच्या पत्रिकेवर द्या, महिन्यात सगळे सरळ येतील.’ डोकं उठलं वाचून. प्रतिजैविकं, म्हणजे सडात सोडायची ट्यूबही, कागदावर आजही चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हे ठाऊक तरी आहे का? संध्याकाळच्या धारेला सड कडक लागतो, दुधात गाठी येतात, तेव्हा जनावरांच्या दवाखान्याला कुलूप असतं. उपचार लांबला की सड कायमचा जातो. आधी रात्रीचा डॉक्टर द्या, मग चिठ्ठी मागा.

धारेची_वेळ
रात्रीचा डॉक्टर नाही, मान्य. पण ट्यूब सोडल्यावरच्या दुधाचं काय, त्यावर गप्प बसलात! लेबलवर कालावधी ठरवून दिलेला नसेल तर दूध किमान 7 दिवस बाद, हा नियम 2012 चा. औषध एकाच सडात गेलं तरी चारही सडांचं दूध बाजूला, कारण औषध रक्तात उतरतं. उकळून ते जात नाही. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघतात, औषध कोण बघतंय? मग औषधाने विरजणच मेलं आणि दही लागलं नाही की शिव्या गवळ्याला.

गोठा_सिन्नर
12 लिटरची गाय, 7 दिवस, 84 लिटर. 35 चा भाव धरला तरी 2940 रुपये गटारात. भरपाई तुम्ही देणार?

वेल_पिंपळगाव
आम्हाला कोणी दिली? 2010 मध्ये सीसीसीचे (वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे) अंश सापडले म्हणून युरोपात द्राक्षाचे कंटेनर अडकले. तेव्हापासून फवारणीची वही, काढणीआधीचे दिवस, प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं निमूट पाळतो. दूधवाल्यांनाच वेगळा न्याय का?

चाळ_लासलगाव
चिठ्ठी-बिठ्ठी राहू द्या. 266.50 ची युरियाची गोणी मागितली की दुकानदार विद्राव्य खताचा पुडा गळ्यात मारतो, त्याबद्दल कोण बोलणार? पुडा नको तर युरिया संपला! बिलही देत नाहीत.

काउंटर_निफाड
दुकानदाराला चोर म्हणणं सोपं आहे. लिंकिंग, म्हणजे एका मालासोबत दुसरा गळ्यात मारणं, कंपनीकडूनच येतं. युरियाच्या गाडीसोबत नको असलेला माल उतरवून घ्यावा लागतो, तो आम्ही काय लोणचं घालून खायचा? आणि खत देताना अंगठा घेतो त्या मशीनला अंगठा कोणाचा ते कळतं, गोणी कुठल्या वावरात गेली ते नाही.

चाळ_लासलगाव
म्हणजे तुमचा अडकलेला माल आमच्या वावरात जिरवायचा. वा शेठ!

काउंटर_निफाड
वावरात काय जिरतंय तेही ऐका. कांद्याची शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, म्हणजे एकरी 40. डीएपी खताची एक गोणी टाकलीत की 9 किलो तिथेच आलं. उरलेल्या 31 ला युरियाच्या दीड गोण्या पुरतात, 45 किलोच्या गोणीत 20.7 नत्र असतं. लोक चार नेतात. वर दोन महिन्यांच्या कांद्यालाही मारतात. मान जाड राहते, पात पडत नाही, मान सुकत नाही, आणि चाळीत कांदा तिथूनच सडायला लागतो. मग बियाण्याच्या नावानं बोंब!

चाळ_लासलगाव
दीड गोणीचा हिशेब बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण तो सांगताना पुडा विकलातच ना?

अंजनेरी_कडा
इथे युरियावर भांडण पेटलंय, तरी मूळ विषयावर एवढंच. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध 2006 ला जनावरांसाठी बंद झालं, ते दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून. मग माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात शिरल्या. 2015 ला माणसांचं इंजेक्शन 3 मिलीच्या कुपीतच विकायचं ठरलं. एका गाईला चार-पाच कुप्या फोडायचा वैताग, आणि शेजारी गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम ठेवलेलं. चिठ्ठी तपासत बसण्यापेक्षा हे असलं जास्त चालतं.

गोठा_सिन्नर
गिधाडांचं पटलं, बुवा. पण माझे 2940?

धारेची_वेळ
ते वाचवायचे तर ट्यूबची वेळच येऊ देऊ नका. धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गव्हाणीत वैरण टाका. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. गाय लगेच शेणात बसली की जंतू आत गेलेच. ट्यूब सोडावीच लागली तर आधी सड पूर्ण पिळा, टोक स्पिरिटने पुसा, नोझल थोडंसंच आत घाला. आणि गाठी दिसेनाशा झाल्या म्हणून दुसऱ्या दिवशी थांबू नका, दोन आठवड्यांत तोच सड पुन्हा सुजतो आणि तीच ट्यूब मग लागू पडत नाही.

गोठा_सिन्नर
हे दवाखान्याच्या भिंतीवर लावायला सांगा. कुलूप असलं तरी वाचता येईल.