अमेरिशियम आधी जाळा, उरलेलं मग पुरा

अणुभट्टीतून निघालेल्या वापरलेल्या इंधनाचं काय करायचं, यावर तिघांचा वाद: न्यूट्रॉनांनी जाळा म्हणणारा न्यूट्रॉनपंथी, खोल खडकात पुरा म्हणणारा खोलखडक आणि रसायनाच्या बाजूने बोलणारा रसशाळा.

न्यूट्रॉनपंथी: वापरलेल्या इंधनात सुमारे ९५ टक्के युरेनियम, १ टक्का प्लुटोनियम आणि ३-४ टक्के विखंडनाची राख (फुटलेल्या अणूंचे तुकडे) असते. नेप्च्युनियम, अमेरिशियम, क्युरियम ही भट्टीत तयार होणारी जड किरणोत्सारी मूलद्रव्यं मिळून जेमतेम ०.१ टक्का, १००० मेगावॅटच्या भट्टीमागे वर्षाला साधारण २० किलो. एवढ्याशा मालासाठी लाखभर वर्षांची राखण पुढच्यांच्या गळ्यात का मारायची? वेगळा काढून जलद न्यूट्रॉनांनी फोडावा. १ ग्रॅम फुटला की सुमारे १ मेगावॅट-दिवस उष्णता मिळते. म्हणजे ४०० मेगावॅट औष्णिक क्षमतेची भट्टी ३०० दिवसांत १२० किलो संपवते.

खोलखडक: १२० किलो तेव्हाच, जेव्हा फुटणारं दुसरं काहीच नसेल. साध्या जलद भट्टीत अमेरिशियम काही टक्क्यांपुढे गेलं की विलंबित (अणू फुटल्यावर थोड्या उशिराने निघणारे) न्यूट्रॉन कमी पडतात आणि भट्टी आवरणं कठीण होतं. म्हणून बाहेरून न्यूट्रॉन पुरवायला प्रवेगकाची, म्हणजे कण वेगाने फेकणाऱ्या यंत्राची, जोड लागते. बेल्जियममधल्या मोलच्या ‘मिरा’ प्रकल्पाच्या आराखड्यात ६०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, ४ मिलिअँपिअरचा प्रोटॉन झोत आहे. झोत अडखळला की शक्ती क्षणात कोसळते आणि पुन्हापुन्हा तसं झालं की धातू थकतो. शिवाय भट्टी थंड ठेवणाऱ्या वितळलेल्या शिसे-बिस्मथमधल्या बिस्मथपासून अतिविषारी पोलोनियम-२१० तयार होतं, ते वेगळंच.

आणि मुळात रोख चुकतोय. ऑक्सिजन नसलेल्या खोल भूजलात अमेरिशियम-प्लुटोनियम फारसं विरघळत नाही, चिकणमातीला धरून बसतं. पाण्याबरोबर वर येऊ शकतं ते आयोडीन-१२९, अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) १ कोटी ५७ लाख वर्षं.

न्यूट्रॉनपंथी: आयोडीनचं मान्य. पण उष्णतेचं काय? राखेतले सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० तीनशे वर्षांत जवळपास विझतात. त्याआधीपासूनच उष्णतेचा मोठा वाटा अमेरिशियम-२४१ कडे गेलेला असतो, अर्धायुष्य ४३२ वर्षं. पुरलेल्या कचऱ्याच्या डब्यांभोवतीची बेंटोनाइट माती (पाण्याने फुगणारी चिकणमाती) साधारण १०० अंशांखाली ठेवायची, तर डब्यांमधलं अंतर वाढवावं लागतं. अमेरिशियम काढलं तर त्याच खडकात कितीतरी जास्त डबे बसतात.

रसशाळा: हा मुद्दा खरा, पण साध्या पाण्याच्या भट्टीत हे करायला जाऊ नका. मंद न्यूट्रॉन अमेरिशियम-२४१ ला फोडत नाहीत, बहुतेक वेळा ते न्यूट्रॉन गिळतं. त्यातून क्युरियम-२४२ आणि पुढे प्लुटोनियम-२३८ होतं. आगीतून फुफाट्यात! त्यांच्या किरणोत्सारातून इंधनाच्या गोळ्यांमध्ये हेलियम साचून त्या फुगतात, म्हणून रचनेतच सच्छिद्रता ठेवावी लागते.

क्युरियम-२४४ तर हाताळूच नये. ते आपोआप फुटून न्यूट्रॉन फेकतं, त्यामुळे नुसतं शिसं पुरत नाही, जाड काँक्रीटच्या भिंतीआडून यंत्रहातांनी काम करावं लागतं. १८ वर्षांचं अर्धायुष्य आहे. १०० वर्षं ठेवलं तर २ टक्के उरतं, बाकीचं प्लुटोनियम-२४० झालेलं असतं.

आता फेऱ्यांचा, म्हणजे जाळा, उरलेलं वेगळं काढा, पुन्हा जाळा याचा हिशेब करा. एका फेरीत पाचवा भाग फुटतो आणि वेगळं करताना ०.१ टक्का निसटतो असं धरलं, तर शेवटपर्यंत मूळ मालाचा ०.४ टक्का कचऱ्यात जातोच. शंभरावा भाग उरायला सुमारे २१ फेऱ्या लागतात, आणि दर फेरीला भट्टीतली वर्षं अधिक थंड होण्याची वर्षं.