खाण बुजवायला खाणीचाच ताफा कशाला?

ढिगारा_सपाट (धागाकर्ता): उघड्या कोळसा खाणीच्या पुनर्भरणाचे आराखडे वाचले की एक वाक्य हमखास भेटतं: ‘उपलब्ध यंत्रं वापरली जातील.’ म्हणजे ज्या १०० टनी डंपरांनी ओव्हरबर्डन (कोळशावरची माती-खडक) बाहेर काढलं, तेच शेवटी सुपीक माती पसरणार. मला हे पटत नाही. यंत्र ठरतं ते अंतरावरून. शंभरेक मीटरच्या आत ढकलायचं असेल तर डोझर, त्यापुढे साधारण दीड किलोमीटरपर्यंत स्क्रेपर (माती खरवडून पोटात भरून नेणारं आणि पसरणारं यंत्र), आणखी लांब असेल तर लोडर-डंपर. ढीग खड्ड्यापासून ६० मीटरवर असताना डंपर भरत बसायचं, ओतायचं आणि मग डोझरनेच पसरायचं, याला काय अर्थ?

डंपरवाला: कागदावर ठीक. पण ताफा दारात उभा आहे, ऑपरेटर पगारावर आहेत. चार महिन्यांच्या कामासाठी स्क्रेपर आणायचे, चढवायचे-उतरवायचे, भरताना त्यांना मागून ढकलायला पुशर डोझर वेगळा. तो खर्च तुमच्या हिशोबात दिसत नाही.
आणि ते ६० मीटर कुठून कुठपर्यंत मोजलेत? काप (जिथून माल काढायचा) आणि भराव (जिथे टाकायचा) यांच्या गुरुत्वमध्यांमधलं अंतर धरायचं असतं, जवळच्या कडांमधलं नाही. ढकलण्याचं अंतर दुप्पट झालं की डोझरचं उत्पादन जवळपास निम्म्यावर येतं. तुमचे ६० प्रत्यक्षात १२० निघाले, तर कसला डोझर घेऊन बसलात?

ढिगारा_सपाट: गुरुत्वमध्यांमधलंच धरलंय. आणण्या-नेण्याचा खर्च धरायला हवा, मान्य. पण मग तुमच्या डंपरांचा ताशी आकडाही खरा धरा. यंत्राच्या उत्पादन-तक्त्यातला आकडा हा आदर्श असतो, त्याला गुणक लावून खाली आणायचा. समजा डोझरला ताशी ६०० घनमीटर लिहिलंय. सरासरी ऑपरेटर ०.७५, तासात ५० मिनिटं काम ०.८३, सुरुंगाने फोडलेला खडक ०.८. हाती उरतात ३०० च्या आसपास. निम्मे! डंपरला तर त्यावर ओल्या भरावातला रोलिंग रेझिस्टन्स (चाकांना होणारा जमिनीचा अडथळा). चाकं रुतली की सायकल टाइम (भरणं ते परत येणं, एका फेरीचा वेळ) कुठल्या कुठे जातो.

फीतवाला: गुणक लावताना एक गोंधळ नेहमीचा. ढिगाऱ्याचा सर्व्हे केला असेल तर येणारा आकडा सुट्या मालाचाच असतो आणि डोझरचा तक्ताही सुट्या मालाचाच. त्यावर पुन्हा २५ टक्के फुगवटा (खणल्यावर माल सुटा होऊन वाढतो तो) लावणारे महाभाग आहेत. (जुना ढीग थोडा बसलेला असतो, ते वेगळं.)

काळी_माती: तुम्ही दोघं ताशी घनमीटर मोजताय, उगवणार काय ते कोणी बोलतच नाही. ३० सेंटिमीटर थर म्हणजे हेक्टरी ३००० घनमीटर माती. ती स्क्रेपरने पसरली तर प्रत्येक फेरीला भरलेली चाकं नुकत्याच पसरलेल्या मातीवरून जातात. थर जागेवर दिसतो, पण मुळं आत शिरत नाहीत. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचिया या डोंगराळ कोळसापट्ट्यात वनीकरणासाठी जी पद्धत रुजली, तिच्यात वरचा सुमारे १.२ मीटर थर मुद्दाम मोकळा ठेवतात: डंपरने शेजारीशेजारी ढीग ओतायचे आणि हलक्या डोझरने एक-दोन हात फिरवायचे, बस. म्हणजे मातीपुरता डंपर बरा, धागाकर्त्यांचा स्क्रेपर नाही.

डंपरवाला: घ्या! शेवटी डंपरच.

काळी_माती: हुरळू नका. ओतलेल्या ढिगांवर तुमचे १०० टनी चढले तर स्क्रेपर परवडला. रस्ता ठरवून, मागे-मागे येत ओतायचं.

ढिगारा_सपाट: नंतर रिपर (डोझरमागचा जमीन फोडणारा दात) मारता येतो की.

काळी_माती: येतो, पण माती कोरडी असेल तरच. ओल्या मातीत दाताची चीर पडते, दोन चिरांमधली माती तशीच घट्ट राहते.

फीतवाला: अंदाज कशासाठी काढताय, तेही सांगा ना. कंपनी स्वतः करणार असेल तर डंपरवाला म्हणतात ते चालेल. पण अमेरिकेत उघड्या कोळसा खाणींच्या १९७७ च्या कायद्याने जी हमी रक्कम ठेवावी लागते, ती कंपनीने काम सोडलं तर नियामकाला त्रयस्थाकडून ते पुरं करून घेता यावं म्हणून असते. तेव्हा दारात उभा असलेला ताफा गृहीत धरायचाच नाही. ड्रॅगलाइन (दोराने बादली ओढणारं अवाढव्य खणयंत्र) तर नाहीच. कोणत्याही ठेकेदाराकडे मिळेल तो डोझर, तो लोडर, आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा लावून.

डंपरवाला: हमीसाठी तसं धरा, हरकत नाही. प्रत्यक्ष काम मी माझ्याच डंपरांनी करणार. माती ओतायच्या रस्त्याचा नकाशा मात्र काळी_माती यांनी टाकावा.