मदत हवी आहे: योसेमिटीचा वरचा भाग, आईबाबांना झेपेल का?

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यातल्या नौपाड्यातले. आईबाबांना घेऊन ताईकडे कॅलिफोर्नियाला जातोय. तिथल्या योसेमिटी नॅशनल पार्कची दरी सगळेच बघतात. बाबांना वरचं टुओलमी मेडोजच (उंचावरची कुरणं) हवंय. तिथे जाणारा टायोगा रोड बर्फामुळे कधी मेअखेर, तर कधी जुलैमध्ये उघडतो, म्हणून जुलैअखेर ठरवलंय.

बाबा रोज येऊरच्या डोंगरात चालतात, पण टुओलमी साधारण 8,600 फुटांवर, कळसूबाईहून तीनेक हजार फूट उंच! आईला बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारणारच आहोत, तरी कुणी ज्येष्ठांना नेलंय का? दरीतून जाऊन त्याच दिवशी परतावं, की वाटेत मुक्काम करावा? वाटेतल्या टेनाया लेकला गाडीपासून फार न चालता बसता येतं का?

आणि आईचा डब्बा! अस्वलांमुळे रात्री गाडीत खाणं ठेवायचं नाही म्हणे. मग लाडू-चिवडा कुठे ठेवता?